भर पावसात रत्नागिरी ते गुहागर: सायकलवर एकटीने मुक्कामी जाण्याबाबत

प्रश्न: सागवेकरीण

नमस्कार. मी रत्नागिरीत राहते आणि गेली चार वर्षे नियमित सायकल चालवते. जुलैमध्ये पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या शनिवारी सकाळी निघून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड या मार्गाने जयगड गाठायचे, फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरायचे, हेदवी किंवा वेळणेश्वरला समुद्राजवळ तंबूत रात्र काढायची आणि रविवारी गुहागर पाहून त्याच वाटेने परतायचे, असा माझा बेत आहे. सीटमागची पिशवी, हँडलला बांधलेला तंबू आणि फ्रेममधली लहान पिशवी मिळून सामान 9 किलोच्या आत बसते.

पाऊस टाळण्याचा माझा विचार नाही. मला पावसातच जायचे आहे. मात्र त्या दिवशी हवा फारच बिघडली तर कोणत्या टप्प्यावर मागे फिरावे, तंबू नेमका कुठे लावावा आणि सामानातले काय काहीही झाले तरी कोरडे राहिले पाहिजे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. ‘सोबतीला कोणीतरी ने’ हा सल्ला घरून रोज मिळतो, त्यामुळे तो इथे कृपया देऊ नये.

उत्तर: खाडीकाठचा

ताई, आपल्या किनाऱ्यावर रस्ता सलग नसतो, खाडी आली की तो तुटतो. म्हणून मागे फिरण्याचा निर्णय तवसाळला उतरल्यावर नव्हे, तर जयगडच्या धक्क्यावर, बोटीत पाय ठेवण्यापूर्वी घ्यावा लागतो. शनिवारी दुपारी बोट चालू होती म्हणून रविवारी ती चालेलच असे नाही. वारा वाढला आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला की ती बंद होते, आणि मग तुम्हाला आत वळून राई-भातगाव पुलावरून, भरपूर चढ-उतार करीत रत्नागिरी गाठावी लागते. हा वळसा भिजलेल्या सामानासह एका दिवसात पार करण्याची तयारी असेल तरच बोट पकडा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा पाहा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’ आणि 115.6 पासून पुढे ‘अतिमुसळधार’ अशी त्यांची व्याख्या आहे. माझ्यापुरता नियम असा, की अतिमुसळधारचा इशारा असेल तर खाडी ओलांडायची नाही, गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन घरी यायचे.

आता तंबू. तुम्ही निवडलेली तिथी मला खटकली. आपल्याकडचा जुना हिशेब ठाऊक असेलच: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की बारानंतर किती तासांनी पूर्ण भरती येते, ते अदमासे निघते. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा म्हणजे दुपारी पाऊणच्या आसपास पूर्ण भरती आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर साधारण तितक्याच सुमारास दुसरी, तीही उधाणाची आणि मागे नैर्ऋत्येचा वारा असलेली. तुम्ही गाढ झोपेत असाल तेव्हा समुद्र सर्वांत वर आलेला असेल. संध्याकाळी ओहोटीला पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, ऐसपैस दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

समुद्रापासून हटून माडाखाली जावे, तर तेही नको. काही वर्षांपूर्वी वेळणेश्वरला मी तंबू मोकळ्यावर लावला, पण सायकल मात्र शहाणपणाने माडाला साखळीने बांधून ठेवली. रात्री दोनच्या सुमारास काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. बॅटरी लावून पाहतो तर माणसाच्या उंचीहून लांब, पाण्याने जड झालेली झावळी मागच्या चाकावर आडवी पडलेली, आणि गिअरची साखळी सरकवणारा भाग आत वाकून स्पोकमध्ये अडकलेला. सकाळी अर्धी वाट सायकल ढकलत नेली.

म्हणून माझे स्पष्ट मत: पावसाळ्यात तंबूपेक्षा छप्पर शोधा. देवळाचा सभामंडप किंवा एखाद्या घराची पडवी, आधी विचारून आणि उजेड असताना. संध्याकाळी पाच वाजता दारात आलेल्या भिजलेल्या बाईला कोकणात सहसा कोणी नाही म्हणत नाही, चहा आधी येतो. मात्र रात्री नऊला कुत्री भुंकत असताना दार ठोठावले तर घरातले बिचारे घाबरतात. सभामंडप पश्चिमेला उघडा असेल तर वावझड, म्हणजे वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस, थेट आत येते. अशा ठिकाणी तंबूचे वरचे कापड दोन खांबांमध्ये आडोशासारखे बांधावे.

उत्तर: तांबडी माती

वरील उत्तराशी सहमत आहे. थंडीविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. कोकणात थंडी कसली, असे मलाही वाटे. जुलैमध्ये भर पावसात हवेचे तापमान 24-25 अंश असते, पण पाच-सहा तास भिजलेल्या कपड्यांवरून वारा वाहत असेल आणि पोटात काही नसेल, तर शरीर आपली उष्णता भरून काढू शकत नाही. हे मला कळले ते एका बसथांब्याच्या शेडमध्ये. बिस्किटांचा पुडा फोडता येईना. बोटे पुड्यावरून नुसती घसरत होती आणि शेवटी तो दातांनी फाडला. त्याहून वाईट हे, की त्याच अवस्थेत पुढे निघावे असे मनापासून वाटत होते. सुदैवाने शेडमधल्या एका आजोबांनी मला बसवून ठेवले. बोटांना बटण लागेनासे झाले, बोलताना जीभ जड होऊ लागली, की तिथेच थांबावे, ओले काढून कोरडे घालावे आणि गरम, गोड काहीतरी प्यावे.

त्यामुळे काहीही झाले तरी कोरडे राहावे असे सामान म्हणजे झोपताना घालायचा एक पूर्ण जोड, लोकरी टोपी आणि पांघरूण. हे जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड पिळून गाठ मारून, मग सायकलच्या पिशवीत घालावे. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पिशव्या शिवणीतून पाझरतात. दिवसाचे ओले कपडे सकाळी पुन्हा ओलेच घालायचे. अंगावर काटा येतो, पण कोरडा जोड मोडायचा नाही.

ब्रेकचेही पाहा. जांभ्याचा तांबडा गाळ चाकावर उडत राहिला की ब्रेकचे पॅड सहाणेवर उगाळल्यासारखे झिजतात. आरे-वारेचा उतार आणि जयगडच्या धक्क्याकडे उतरणारा रस्ता यांपूर्वी पॅड तपासावेत आणि एक जोडी जास्तीची ठेवावी. पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर तळ दिसत नसताना सायकल घालू नये, मग ते घोटाभर का असेना. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावरून, पाणी जात असेल तर प्रश्नच मिटला.

उत्तर: सडेकर

तंबूला इतका विरोध मला पटत नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, पाणी लवकर वाहून जाते आणि भरतीचा प्रश्न येत नाही. मी दोनदा राहिलो आहे. कातळात खुंट्या शिरत नाहीत, त्यामुळे दोऱ्या जड चिऱ्यांना बांधाव्या लागतात. चिरा हाताने नव्हे, काठीने उलटावा, कारण त्याखाली फुरसे हा विषारी साप असू शकतो. विजा होत असतील तर मात्र सडा सोडून खाली वस्तीत यावे. चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, पण गडगडाट ऐकू येत असेल तर गणित करत बसण्यापेक्षा निघालेले बरे.

सागवेकरीण

सर्वांचे आभार. तिथीचा हिशेब आजोबा करीत असत. तो तंबूसाठी उपयोगी पडेल हे मात्र लक्षात आले नव्हते. बेत आठवडाभर पुढे ढकलला आहे, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भांगाची, कमी चढणारी भरती मिळेल. हेदवीत माझ्या एका सहकारी शिक्षिकेचे माहेर आहे, तिथल्या पडवीसाठी आज फोन केला. तिच्या आईने एवढेच विचारले, की जेवायला भाकरी चालेल की भात लावू.

सडेकर, तंबू तरीही सोबत नेणार आहे. खाडीच्या अलीकडेच थांबावे लागले तर मालगुंडच्या बाजूला रात्री राहण्याजोगा सडा कोणता, हे कृपया सांगावे.