मदत हवी आहे: बोलिंग आणि जिम्नॅस्टिक्सच्या महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धांचा पूर्वरंग कसा लिहावा?

नमस्कार. मी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थजवळ राहते आणि आमच्या मराठी मंडळाच्या छापील अंकातले खेळांचे पान सांभाळते. एप्रिल २०२५ च्या अंकासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन महिलांच्या दोन राष्ट्रीय स्पर्धांवर एकत्र लेख द्यायचा आहे. जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा १७ आणि १९ एप्रिलला आमच्या गावातल्याच डिकीज अरीनामध्ये आहे, तर बोलिंगची, म्हणजे चेंडू घरंगळत टाकून दहा पिन पाडण्याच्या खेळाची, त्याआधी आठवडाभर लास वेगासला. अडचण अशी की मजकूर ३१ मार्चला छपाईला जातो, दोन्ही खेळांच्या विभागीय फेऱ्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि अंक घरोघरी पोहोचतो तेव्हा अंतिम टप्पा तोंडावर आलेला असतो. म्हणजे अंतिम टप्प्यात कोण खेळणार हे मला लिहिताना माहीत नसते आणि वाचकाला मात्र वाचताना माहीत असते.

गेल्या वर्षी मी याच खड्ड्यात पडले. २०२४ च्या हंगामात ओक्लाहोमाचा जिम्नॅस्टिक्स संघ क्रमवारीत पहिला होता, २०२२ आणि २०२३ ची विजेतेपदे त्यांच्याकडेच होती, तेव्हा ‘यंदाही ओक्लाहोमाच’ असे मी बेधडक लिहून टाकले. उपांत्य फेरीत पहिल्याच प्रकारात, व्हॉल्टवर (धावत येऊन मेजासारख्या साधनावरून घेतलेली उडी), त्यांच्या खेळाडू एकामागून एक घसरल्या आणि संघ अंतिम चारांतही आला नाही. लुइझियाना स्टेटने १९८.२२५ गुणांसह आपले पहिले विजेतेपद मिळवले, आणि माझा अंक काही घरी नेमका त्यानंतरच्या सोमवारी पोहोचला. मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात श्रीखंड वाढताना एका काकांनी मला त्याबद्दल जे विचारले ते इथे लिहीत नाही.

मी क्रमवारीवर विसंबले, कारण ती वरकरणी भक्कम दिसते. संघाचे सर्वोत्तम सहा गुण घेतात, त्यांतले किमान तीन परगावच्या सामन्यांतले असावे लागतात, सर्वाधिक गुण वगळतात आणि उरलेल्या पाचांची सरासरी काढतात. प्रत्यक्ष सामन्यात प्रत्येक प्रकारात सहा जणी उतरतात आणि पाच जणींचे गुण धरतात. एकीच्या पडण्याची पाच दशांश गुणांची वजावट त्यामुळे झाकली जाते, दुसरी पडली की मात्र लपवायला जागा उरत नाही. सरासरीत हे कुठेच दिसत नाही.

यंदाचे चित्र त्याहून अवघड आहे. ओक्लाहोमा या हंगामात साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात आले, तिथले जेतेपद लुइझियाना स्टेटने घेतले, यूसीएलएने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) बिग टेन या दुसऱ्या गटाचे जेतेपद जिंकले आणि त्यांच्याकडे पॅरिस ऑलिंपिकमधली जॉर्डन चाइल्स आहे. ३६ संघांतून विभागीय फेऱ्यांनंतर आठ उरतील, त्यांतून चार. मी कोणाचे नाव घ्यावे?

बोलिंगबाबत तर पायाच कच्चा आहे. नेब्रास्काची सहा विजेतेपदे आहेत आणि पहिली स्पर्धा २००४ साली त्यांनीच जिंकली, एवढी माहिती जमवली. पण २०२४ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटने संघ सुरू केल्याच्या पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवले, तेव्हा परंपरेच्या आधारावर काही सांगावे हा विचार मी सोडून दिला. शिवाय शब्दांचा प्रश्न आहे. ‘महाविद्यालयीन बोलिंग’ असे म्हणताच आमच्या सासूबाईंनी ‘डावखुरी आहे की उजव्या हाताची?’ असे विचारले. ‘गोलंदाजी’ लिहिले तर सारे क्रिकेटकडे जातात. या दोन्ही बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

मी मिशिगनमध्ये बरीच वर्षे स्थानिक लीगमध्ये बोलिंग खेळतो, म्हणून त्या भागापुरते लिहितो. ‘टेनपिन बोलिंग’ असे एकदा लिहून पुढे नुसते ‘बोलिंग’ म्हणावे. ‘पिन’, ‘लेन’ (चेंडू टाकण्याची लांब पट्टी), ‘स्ट्राइक’ (पहिल्याच चेंडूत दहाही पिन पाडणे), ‘स्पेअर’ (उरलेल्या पिन दुसऱ्या चेंडूत पाडणे) हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. ‘खुंटी’ वगैरे लिहिल्यास वाचकाला हसू येईल आणि खेळ कळणार नाही.

अंतिम सामना बेकर पद्धतीने होतो, आणि आपल्या लेखाचा गाभा तोच असावा, असे मला वाटते. पाच जणी मिळून दहा फ्रेमचा, म्हणजे दहा पाळ्यांचा, एकच डाव खेळतात: पहिली खेळाडू पहिली आणि सहावी फ्रेम टाकते, दुसरी दुसरी आणि सातवी, असे करत पाचवीकडे पाचवी आणि दहावी येते. जो संघ आधी चार डाव जिंकेल तो विजेता. गेल्या वर्षी जॅक्सनव्हिल स्टेट आणि अर्कान्सा स्टेट यांचा सामना ४-३ पर्यंत गेला होता, म्हणजे सारा हंगाम सातव्या डावावर येऊन ठेपला होता. या पद्धतीत एखादी फार मोठी खेळाडू संघाला एकटीने तारू शकत नाही, कारण तिच्या वाट्याला डावात दोनच फ्रेम येतात. आपल्या पाळीच्या मधल्या चार फ्रेम ती नुसती बसून पाहते, आणि हात थंड पडू न देणे हेच तिचे अर्धे काम असते.

दुसरी गोष्ट तेलाची. लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ थर असतो. चेंडू त्यावरून सरकतो आणि तेल संपले की वळतो. खेळ पुढे जातो तसे चेंडू ते तेल उचलून नेतात, त्यामुळे सकाळी जिथून स्ट्राइक पडत होता तिथूनच दुपारी दहा नंबरची, म्हणजे उजव्या कोपऱ्यातली, पिन उभी राहते. हे आधी ओळखून लेनच्या दोन फळ्या डावीकडे सरकणारा संघ जिंकतो. कोणत्या संघाचे नाव घ्यावे यापेक्षा वाचकाने काय पाहावे हे लिहिलेत, तर अंक कधीही पोहोचला तरी लेख शिळा होणार नाही. जिम्नॅस्टिक्ससाठीही हीच युक्ती चालेल, असे वाटते.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. आपल्या सांगण्यावरून लेखाची मांडणी बदलते आहे. जिम्नॅस्टिक्सच्या भागात आता बीमवर भर देईन: १० सेंटिमीटर रुंद पट्टी, आणि संघाचा शेवटचा प्रकार तोच असेल तर काय होते ते. गेल्या वर्षी लुइझियाना स्टेटचा शेवट बीमवरच झाला होता आणि अ‍ॅलिया फिनेगनने ९.९५ गुण मिळवून विजेतेपद नक्की केले होते. प्रकारांचा क्रम ठरलेला असल्याने सुरुवातीवरून शेवट कळतो, तेव्हा कोणता संघ कोणत्या प्रकाराने सुरुवात करतो ते आधी पाहा, असे मी वाचकांना सांगणार आहे.

एक शंका मात्र उरते. आपल्याकडे बहुतेकांना रिओतील दीपा कर्माकरचे १५.०६६ गुण पाठ आहेत, आणि इथे एका कसरतीला जास्तीत जास्त १० गुण. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २००६ पासून काठिण्य आणि सादरीकरण यांचे गुण वेगळे मोजून त्यांची बेरीज करतात, महाविद्यालयांनी जुनी दहाची पद्धत ठेवली आहे. एवढे एका चौकटीत पुरेल, की काठिण्याचे उदाहरणही द्यावे? रविवारपर्यंत कोणी सुचवल्यास बरे होईल, सोमवारी पान लावायचे आहे.