साफी (मोरोक्को) बंदराला कोणी गेलंय का?

खाडीकाठचा, रेवदंडा
माझं पहिलंच जहाज, केमिकल टँकर. साफीला फॉस्फोरिक ॲसिड भरणार आहे. घरी आजी विचारते, "कुठला गाव रे तो?" आणि मला नकाशावरच्या ठिपक्यापलीकडे काही सांगता येत नाही. तिथे पोर्तुगीजांचा किल्ला आहे एवढंच वाचलं. तो तर आमच्या दारातही आहे. गाव कशावर चालतं? मोठं कसं झालं?

बोसन, हर्णै
तीनदा गेलोय, पहिल्यांदा 1988 ला. आजीला सांग, तारलीचा गाव.

म्हणजे होता. तिथला वारा किनाऱ्यावरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं थंड पाणी वर येतं, आणि त्यावर सार्डिन, म्हणजे तारली, पोसते. गेल्या शतकाच्या मध्याला सार्डिनसाठी साफीचं नाव जगभर होतं. डबे भरायचे कारखाने, त्यात बायकांच्या पाळ्या. मग मासळी दक्षिणेला सरकली, अगादिरकडे आणि त्याच्याही खाली. मी गेलो तेव्हा होड्या होत्या, पण म्हातारे खलाशी जुने दिवसच सांगायचे. आपल्याकडे काय वेगळं ऐकतोस?

तरी गाव बुडालं नाही, कारण मागे फॉस्फेट, खतासाठी लागणारं खनिज. 1930 च्या दशकात युसूफियाच्या खाणींपासून बंदरापर्यंत रेल्वे आली, 1960 च्या दशकात शहराच्या दक्षिणेला रसायनांचे कारखाने. जहाजं गंधक घेऊन येतात, ॲसिड आणि खत घेऊन जातात. वारा उलटला की वास नाकात जातो, घसा धरतो. आज वस्ती तीन लाखांच्या वर आहे. हर्णैला मासळी आहे, पण रेल्वे खेडला. आपण तिथेच अडलो, असं मला नेहमी वाटतं.

डेकवरून सुटी मिळाली तर कुंभारांच्या टेकडीवर जा. भट्ट्या, ओली माती, निळ्या नक्षीची ताटं. मी एक आणलं, ते मुंबईला गोदीतच फुटलं.

कोर्लईची सून
पोर्तुगीज तिथे किती वर्षं होते? आमच्या कोर्लईत अजून त्यांच्या वळणाची बोली बोलतात, म्हणून विचारते.

बोसन, हर्णै
फक्त 33 वर्षं, ताई. 1508 ला घेतलं, 1541 ला सोडलं. त्या 1508 मध्येच इथे चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. तिकडे एक गाव हाती आलं, इकडे पोरगा गेला. 1541 ला मोरोक्कोच्या सादी घराण्याने पोर्तुगीजांचं अगादिरचं ठाणं जिंकलं, तेव्हा साफी आणि त्याच किनाऱ्यावरचं अझेमूर राखणं परवडणार नाही म्हणून पोर्तुगालच्या राजाने दोन्ही खाली केली. चौलला ते 1740 पर्यंत चिकटून राहिले. एवढ्या काळात बोली रुजतेच. साफीत समुद्राकाठचा किल्ला आणि एका चर्चचा तुकडा राहिलाय. किल्ल्याखालचा कडा लाटांनी पोखरलाय, तेव्हा काठावर उभं राहून फोटो काढू नको रे पोरा.

मराकेशचा वाटसरू
भर घालतो. पोर्तुगीज गेल्यावरही मराकेशचा माल साफीतूनच जायचा. 1760 च्या दशकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्लाने मोगादोर, म्हणजे आजचं एस्सुइरा, वसवलं आणि व्यापार तिकडे वळवला. साफी मागे पडलं. सार्डिन आणि फॉस्फेटने त्याला पुन्हा वर काढलं.

बोसन, हर्णै
बरोबर. आणि एक राहिलंच. पपायरसच्या गवताची होडी बांधून नॉर्वेचा संशोधक थोर हेयरडाल अटलांटिक ओलांडायला निघाला, तो साफीतूनच. 1969 ला होडी वाटेत मोडली. 1970 ला दुसरी घेऊन 57 दिवसांत बार्बाडोसला पोचला. गवताची होडी! आमच्या वेळी नायलॉनचा दोर तुटला तरी चीफ मेट अर्धा तास ओरडायचा.

खाडीकाठचा, रेवदंडा
काका, आजीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तिथली तारली आपल्यासारखीच का?

बोसन, हर्णै
चुलत बहीण म्हण. जात वेगळी, काटे तेवढेच. ते निखाऱ्यावर भाजतात, वर जिरं आणि लिंबू. आगळ नाही मिळायचं तिथे, आजीकडून बाटली भरून घे.