‘मॅट’, ‘सॅटिन’, ‘ग्लॉस’ आणि ‘इक्विपमेंट’: विमानांच्या मॉडेलसाठी मराठी शब्द

(मॉडेल बनवणाऱ्यांची चर्चा; नावाऐवजी गावं.)

अमळनेर: वायुसेनेच्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या एफएल प्रकाराचं १/७२ मापातलं मॉडेल बनवतोय. रंगकामाची टिपणं मराठीत लिहायची ठरवली आणि ‘फिनिश’पाशीच अडलो. मॅट, सॅटिन, ग्लॉसला बोलण्यातले शब्द आहेत का? ‘इक्विपमेंट’ला ‘उपकरणं’ लिहिलं की शाळेची प्रयोगशाळाच आठवते.

धुळे: भाऊ, ‘फिनिश’ला एकच शब्द शोधू नका. त्यात तीन गोष्टी आहेत: छटा, पोत आणि तकाकी. खऱ्या विमानाचे फोटो पाहतानाही या तिन्ही वेगवेगळ्या तपासायच्या असतात. अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ या रंगांच्या यादीत यातली तकाकी आणि छटा आकड्यांत वेगळी केलेली आहे. क्रमांक पाच आकडी, त्यातला पहिला आकडा नुसत्या तकाकीचा: १ चकचकीत, २ मधला, ३ मॅट, म्हणजे बिनतकाकीचा. दुसरा रंगाच्या कुळाचा, ६ म्हणजे राखाडी. एफ-१६ च्या पोटाचा ३६३७५ वाचला की मॅट राखाडी हे डबी न उघडताच कळतं.

शब्दांचं म्हणाल तर ग्लॉसला ‘चकचकीत’, सॅटिनला ‘मंद तकाकी’, आणि मॅटला सरळ ‘मॅट’. ‘निस्तेज’ नको, तो आजारी माणसाच्या चेहऱ्याला ठेवा.

तुमच्या एफएलची गोष्ट मात्र निराळी. ते चंदेरी. उघडा पत्रा आणि ॲल्युमिनियमचा रंग हे दोन वेगळे प्रकार आहेत. उघड्या पत्र्यात शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या छटांचे दिसतात, रंग मारलेला असेल तर सगळं एकसारखं. शेपटाकडे, जिथून झोत निघतो, तिथला धातू तापून निळसर-तांबूस झालेला असतो. सगळं विमान एकाच चंदेरी रंगात बुडवलं तर घरचे ‘हाई कितलं चमकस!’ म्हणून कौतुक करतील, पण ते खेळणं दिसेल.

भुसावळ: ‘वेदरिंग’चंही, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं दाखवण्याचंही, तेच. आपल्याकडे तीन क्रियापदं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उन्हाने रंग विटतो. हात, पाय, शिडी लागून रंग उडतो. अस्तर नीट नसेल तर रंग निघतो, त्याचे पोपडे होतात. रेल्वेच्या यार्डात उभ्या असलेल्या जुन्या वॅगनीवर तिन्ही एकत्र बघायला मिळतात. विमानावर विटणं पाठीवर, उडणं कॉकपिटच्या कडेला आणि पंखाच्या मुळाशी. टिपणात ‘वेदरिंग केलं’ लिहिण्यापेक्षा ‘पाठ विटकी, मुळाशी उडालेला’ लिहा, महिन्याभराने वाचलं तरी काय करायचं ते कळेल.

जळगाव: एक शब्द माझाही, ‘रवाळ’. मे महिन्यात इथे एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारतो तो) ॲक्रिलिक मारलं की थेंब मॉडेलला टेकायच्या आतच हवेत वाळतात आणि अंगावर रवा बसल्यासारखं होतं. रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर घाला, ब्रश जवळ धरा, किंवा पहाटे मारा. उलट पावसाळ्यात थिनरवाल्या लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते, तिला आम्ही ‘भुरी’ म्हणतो. (द्राक्षवाल्यांनी हसू नये, त्यांच्या वेलीवरचा रोगही भुरीच.)

चोपडा: ‘इक्विपमेंट’ला ‘सरंजाम’ घ्या की! लग्नाचा सरंजाम म्हणतोच ना आपण. पंखाखालचं सगळं त्यात बसतं: टाक्या, क्षेपणास्त्रं, त्यांच्या खुंट्या. पण सरंजाम सालाप्रमाणे बदलतो. एफएलच्या अंगात तोफ नव्हती. १९७१ च्या लढाईत पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड लावत, आणि पंखाखाली के-१३ क्षेपणास्त्रं. आर-७३ हे क्षेपणास्त्र पुढे बायसनवर, म्हणजे मिग-२१ च्या सुधारलेल्या प्रकारावर आलं. ते एफएलला टांगलं तर रंग कितीही बिनचूक असो, जाणकार तिथेच थांबतो.

आणि चौकात चौथऱ्यावर उभ्या केलेल्या विमानांवरून रंग ठरवू नका. ती पुन्हापुन्हा रंगवतात, बहुतेकदा बाजारात मिळेल त्या ऑइलपेंटने. आकार आणि पत्र्यांचे सांधे बघायला ठीक. रंगासाठी त्या काळातले फोटो, तेही दोन वेगवेगळ्या उजेडातले, शेजारी ठेवून बघा.

अमळनेर: ‘सरंजाम’ पक्का. आता शेवटचं: डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या, कडेने जे चंदेरी दिसतं, त्याला काय म्हणायचं?

धुळे: आम्ही ‘हवा धरली’ म्हणतो, कारण होतं तेच. मॅट रंग खडबडीत, त्यावर डिकल टेकत नाही आणि खाली हवा राहते. आधी चकचकीत क्लिअरचे, म्हणजे बिनरंगी वार्निशचे, दोन पातळ हात, मग डिकल, मग हवी ती तकाकी. चंदेरीवर मॅटचा हात शेवटी मारू नका, धातू मरतो.