बांगलादेश ‘अल्पविकसित’ यादीतून बाहेर पडतोय. मग सवलतीही लगेच काढायच्या का?

रेवा
24 नोव्हेंबर 2026. संयुक्त राष्ट्रांच्या वेळापत्रकाप्रमाणे या दिवशी बांगलादेश, नेपाळ आणि लाओस अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचे आहेत. यादी 1971 सालची, बांगलादेश तिच्यात 1975 मध्ये आला. दरडोई उत्पन्न, आरोग्य-शिक्षण आणि आर्थिक-पर्यावरणीय असुरक्षितता असे तीन निकष. बांगलादेशने ते 2018 मध्ये ओलांडले, 2021 मध्ये पुन्हा. करोनामुळे दोन वर्षं वाढवून मिळाली होती. आता तिथल्या उद्योजकांच्या संघटना आणखी मुदत मागतायत.

आपल्याकडे सर्रास समज असा, की यादीतून नाव गेलं की मदत बंद. जागतिक बँकेचं स्वस्त कर्ज या यादीवर ठरतच नाही. जातो तो बाजार. बांगलादेशच्या निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा, आणि सर्वात मोठं गिऱ्हाईक युरोप, तेही शून्य जकातीने. युरोपने ही सवलत 2029 पर्यंत चालू ठेवली आहे. पुढे कपड्यांवर 12 टक्क्यांपर्यंत जकात.

माझं मत: यादीतून बाहेर काढा, पण सवलत तारखेला बांधू नका. पायरीपायरीने कमी करा आणि मध्येच संकट आलं तर थांबवा. मालदीव बघा. 20 डिसेंबर 2004 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांच्या बढतीचा, म्हणजे यादीतून बाहेर काढण्याचा, ठराव केला आणि सहाव्या दिवशी त्सुनामी आली. वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नुकसान. बढती 2011 पर्यंत लांबवावी लागली. निकषांत पास झालेला देश सुरक्षित झाला, असं कुणी सांगितलं?

खर्चीवाला
रेवाताई, तुमचं मन मोठं आहे, पण मी इचलकरंजीत राहतो. आमच्याकडे यंत्रमागाची मजुरी ‘पिका’वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर ठरते, पैशात. त्यात पाच पैसे वाढवून मागितले तर व्यापारी बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) दुसऱ्याच्या मागावर चढवतो. आमच्या कापडाचे शर्ट इतकी वर्षं युरोपात जकात भरून गेले आणि ढाक्याचे फुकट. तेव्हा आमच्यासाठी कुणी पायरीपायरीने काही केलं नाही. देश मोठा म्हणून मागवाला श्रीमंत होत नाही. आता बरोबरीने खेळू द्या की.

दोरा_सुई
मी कपडे खरेदीच्या धंद्यात आहे, पुरवठादार दोन्हीकडे. हिशेब सांगते. 4 डॉलरचा शर्ट धरा. 12 टक्के म्हणजे 48 सेंट. गिऱ्हाईक आमच्याशी दोन-दोन सेंटसाठी तासभर हुज्जत घालतं, कॉलरच्या आतलं कॅनव्हास स्वस्तातलं वापरा म्हणतं. तिथे 48 सेंट कोण सोसणार? ब्रँड तर नाहीच. कारखानदार थोडे सोसेल, उरलेले शिवणाऱ्या बाईच्या ओव्हरटाइममधून जातील.

आणि जकातीइतकीच मोठी भानगड ‘माल कुठला’ या नियमाची. अल्पविकसित देशाला युरोपात नुसतं शिवून पाठवलं तरी चालतं, कापड चीनचं असलं तरी. पुढची जी जीएसपी प्लस नावाची सवलत आहे (यादीबाहेरच्या गरीब देशांना युरोप देतो ती), तिच्यात कापडही तिथेच तयार व्हायला हवं. टी-शर्टवाले तरतील, नारायणगंजला निटिंगचं जाळं आहे. शर्ट-पँटवाल्यांचं कापड मात्र बरंचसं बाहेरून येतं. खरं मरण त्यांचं.

सरळसोट
मग हे कापड गेल्या पंधरा वर्षांत तिथे का नाही विणलं? कारण गरजच पडली नाही. फुकट दार उघडं असल्यावर भिंत कोण बांधतो? व्हिएतनाम या यादीत कधीच नव्हता. त्यांनी वाटाघाटी केल्या आणि 2020 पासून त्यांचा युरोपशी मुक्त व्यापार करार लागू आहे. बांगलादेशला तारीख 2021 पासून माहीत होती. अजून तीन वर्षं दिली तर 2029 ला हेच लोक हेच अर्ज घेऊन येतील.

शिवाय त्या बाईच्या नावाने गळा काढू नका. शून्य जकात असतानाही किमान वेतन महिना 12,500 टका आहे. सवलतीचा मलिदा कुठे गेला ते दिसतंच आहे.

आकडेमोड
सरळसोट, तुम्ही निकषांवर फारच विश्वास ठेवताय. 2024 च्या जुलैमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच निर्यातीचे आकडे दुरुस्त केले. अब्जावधी डॉलर कागदावर जास्त दाखवले होते. गुणपत्रिकाच संशयास्पद असेल तर बढती कसली?

सरळसोट
2024 च्या आढाव्यात उत्पन्नाची मर्यादा 1,306 डॉलर होती, बांगलादेश तिच्या जवळपास दुप्पट. थोडं कमी करा, तरी पासच. नेपाळ तर उत्पन्नाचा निकष न ओलांडताच बाहेर पडतोय, बाकीच्या दोनांवर. काळजी करायचीच तर त्यांची करा.

फार्मा_पुणेकर
औषधांबद्दल कुणीच बोललं नाही. अल्पविकसित देशांना औषधांवर पेटंट न देण्याची मुभा 2033 च्या सुरुवातीपर्यंत आहे, यादीतून बाहेर पडलं की ती संपते. म्हणून तर हेपॅटायटिस सीच्या नव्या गोळ्या तिथे स्वस्तात बनल्या. कुणी म्हणेल, भारतानेही 2005 मध्ये उत्पादन-पेटंट स्वीकारलं, बुडालो का? नाही बुडालो, पण आपल्याकडे 1970 च्या कायद्यापासून पस्तीस वर्षांची तयारी होती, कच्चा माल बनवणारे कारखाने होते, आणि 2012 मध्ये कॅन्सरच्या औषधावर सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला बनवू देण्याचा) देण्याइतकी धमक होती. बांगलादेश औषधांचा बहुतेक कच्चा माल आयात करतो. त्यासाठीची मुन्शीगंजची वसाहत रखडत रखडत उभी राहतेय. इथे मुदत वाढवून द्यायला हवी, कपड्यांचं मला माहीत नाही.

रेवा
सरळसोट, भिंत बांधायला पैसा आणि वीज लागते. कापडगिरणीला लागणारा गॅस तिथे धड मिळत नाही. वेतनाचं तुमचं म्हणणं मान्य, म्हणूनच सवलत वाढवायची तर वेतनाच्या अटीवर वाढवा असं मी म्हणेन. पण ‘तारीख माहीत होती’ हा युक्तिवाद पटत नाही. त्या तारखेच्या अलीकडे त्यांनी करोना पाहिला, इंधनाची महागाई पाहिली, सरकार कोसळलेलं पाहिलं. मालदीवलाही तारीख माहीत होती. 2014 पासून त्यांच्या टुनावर युरोपात जकात लागली, आणि मासेमारीशिवाय विकायला होतं काय?

सरळसोट
पर्यटन होतं. त्यावरच चाललंय त्यांचं. बोट्स्वाना 1994 मध्ये बाहेर पडला, त्याचं अडलं नाही.

रेवा
त्यांच्याकडे हिरे होते हो!

दोरा_सुई
@खर्चीवाला, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? त्या नव्या नियमात कापड तिथे विणायचं, पण सूत कुठलंही चालतं. म्हणजे चिनी कापड कमी आणि सूत जास्त लागणार. बांगलादेश सूत सर्वात जास्त घेतो ते आपल्याकडून. तुमच्या मागाला नाही, पण गिरणीला फायदा आहे.

खर्चीवाला
गिरणीवाल्याचा फायदा म्हणजे आम्हाला सूत महाग, ताई. आणि ते जाणार कुठून? एप्रिल 2025 मध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांवर अडवलं. मेमध्ये आपण त्यांचे कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून येतील असं ठरवलं. युरोप काय देईल ते देईल, आधी बंगालच्या सीमेवरचा बेनापोलचा नाका उघडायचं कोण बोलतंय का बघा.