१० इंची दुर्बिणीसाठी घरगुती इक्वेटोरियल माउंट: सल्ला हवा

धूमकेतू_कोल्हापूर: १० इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची, फोकल लांबी व्यासाच्या पाचपट) दुर्बीण आहे, नळी रिंगांसकट १६ किलो. सध्या डॉबवर, म्हणजे हाताने वळवायच्या साध्या बैठकीवर. शाळेतली पोरं रांगेत असतात आणि २०० पटीला शनी मिनिटभरात निसटतो. दर दोन पोरांमागे पुन्हा शोधून द्यावा लागतो. म्हणून इक्वेटोरियल माउंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर मोटरने फिरणारी बैठक, घरीच करायचाय. बजेट मोटरसकट १५ हजार. फोटो काढायचे नाहीत.

निशाचर: तयार घ्या. माझे लाखावर गेले, पण पहिल्या रात्रीपासून शनी जागचा हललेला नाही.

लेथवाले_काका: अहो, १५ हजार लिहिलंय त्यांनी. मी भंगारातून मारुती ८०० चे मागचे हब उचलले आणि जर्मन माउंट (अक्षाच्या एका बाजूला नळी, दुसरीकडे तोलाचं वजन) केला. १२ इंची दुर्बीण दहा वर्षं चालतेय त्यावर. वजनाला जिमच्या प्लेटी. हबमधला प्ले (ढिलेपणा) मात्र आधी काढा.

अनुराधा_४: शाफ्ट जाड घ्या. माझा २५ मिमीचा होता, फोकसरला बोट लागलं की गुरू पाच-सहा सेकंद थरथरायचा. ५० मिमीचा टाकला, थांबलं. गिअर ३६० दातांचा घेतलात तर वर्मचा (गिअर फिरवणाऱ्या स्क्रूचा) एक फेरा २३९.३ सेकंदांचा ठेवा, २४० नको. पृथ्वीचा फेरा २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो.

गणू: ध्रुवताऱ्यावर अक्ष रोखला की झालं.

अनुराधा_४: ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब आहे.

गणू: पोरांना शनी दाखवायला चालतं तेवढं. मी तसाच दाखवतो.

लेथवाले_काका: जर्मनच करा. हब मारुतीचेच घ्या.

धूमकेतू_कोल्हापूर: सगळ्यांचे आभार. शाफ्ट ५० चाच घेतोय. पण जर्मन नाही, पाळणा करतोय. आमचा अक्षांश १६.७, अक्ष जमिनीशी तेवढ्याच अंशांनी कलणार, म्हणजे जवळजवळ आडवाच. दोन्ही टोकांना प्लमर ब्लॉक (बेअरिंगचे ठोकळे) आणि मध्ये सहा फुटी चौकटीत नळी. पलीकडे लटकवायला वजन लागत नाही, गच्चीवर तेवढं कमी चढवायचं. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेची २.३४ मीटरची दुर्बीणही अशीच दोन्हीकडून पेललेली आहे. ध्रुवाजवळचं आकाश चौकटीआड जाईल, पण आमच्याकडे ते दिव्यांच्या उजेडात बुडालेलंच असतं. काल वेल्डरला माप दिलं.

निशाचर: सहा फूट? पावसाळ्यात ठेवणार कुठे?

लेथवाले_काका: माझं मत जर्मनच. पण करताच आहात तर उत्तरेकडचा खांब वेल्ड करू नका, बोल्टवर ठेवा. कोन जुळवताना खालीवर करावा लागतो.

धूमकेतू_कोल्हापूर: बरं झालं काका, सांगितलंत. वेल्डरला आत्ताच फोन लावतो.