पहाटेच्या थंडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल तापतच नाही, काय करावे?

बागवाला, निफाड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली सात वर्षे जुनी डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. गेल्या मे महिन्यात टपावर सामान लादून मुंबईहून येताना कसारा घाटात गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान ११४ अंशांपर्यंत गेलेले मी पाहिले. (ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटला, लावायचे एक छोटे यंत्र घेतले आहे, ते मोबाइलवर आकडे दाखवते. ते घेतल्यापासून झोप कमी झाली, असे घरचे म्हणतात.) त्या धास्तीने शहरातल्या एका गॅरेजमध्ये एसीच्या कंडेन्सरपुढे स्वतंत्र ऑइल कूलर बसवून घेतला. मेकॅनिकने त्या वेळी रेडिएटरकडे जाणाऱ्या ऑइलच्या दोन्ही नळ्या सोडवून थेट नव्या कूलरला जोडल्या. रेडिएटर आतून फुटला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळते आणि अख्खा गिअरबॉक्स जातो, असे त्याचे म्हणणे होते आणि मला ते पटले. उन्हाळाभर घाटातही आकडा ९० च्या वर गेला नाही.

आता जानेवारीत उलटे झाले आहे. आठवड्यातून तीनदा पहाटे पाच वाजता मुलाला नाशिक रोड स्टेशनवर सोडायला निघतो. परवा गाडीच्या डिस्प्लेवर बाहेरचे तापमान ५ अंश होते आणि काचेवर खरवडून काढावा असा गोठलेल्या दवाचा पातळ थर होता. ‘आर’मध्ये (रिव्हर्स) टाकल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही, मग एक हलका धक्का बसतो. पहिले पाच-सहा किलोमीटर गाडी तिसरा गिअर सोडत नाही. वाटेतले चांदोरी ओलांडेपर्यंत ऑइल ३२ अंशांवर येते, स्टेशनला पोहोचताना ४८ आणि त्यापुढे काही केल्या सरकत नाही. सरासरी १४ वरून १२ वर आली आहे. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवावे का, पातळ ऑइल टाकावे का, की कूलरपुढे पुठ्ठा लावावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

गिअरमिस्त्री, अंबड

दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच दुसऱ्या परिच्छेदापूर्वी येऊन गेले आहे. ज्या नळ्या काढल्या त्या ऑइल थंड करण्यापुरत्या नव्हत्या. रेडिएटरच्या टाकीत बसवलेला तो छोटा कूलर दोन्ही बाजूंनी काम करतो: ऑइल कूलंटपेक्षा गरम असेल तर त्याची उष्णता कूलंट घेते आणि थंडीत कूलंट आधी तापले की तीच उष्णता ऑइलला मिळते. तुम्ही कडाक्याच्या पहाटे बागेला ठिबकने विहिरीचे पाणी सोडता ते कशासाठी? पाणी गरम नसते, पण हवेपेक्षा उबदार असते, म्हणून मण्यांना तडे जाणे टळते. रेडिएटर तुमच्या ऑइलसाठी ते विहिरीचे पाणी होता. आता ऑइल सुटते ते थेट पहाटेच्या वाऱ्यात, आणि ताशी ८० च्या वेगाने तो वारा कूलरमधून जात असताना ते ४८ वर अडकते यात नवल नाही.

५ अंशांनी गिअरबॉक्सला धोका नाही, हे आधी सांगतो. चांगले एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) उणे ४० च्याही खाली वाहते राहते. पण ते दाट होते. आजच्या पातळ प्रकारच्या एटीएफची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, १०० अंशांना साधारण ६ सेंटीस्टोक आणि ४० अंशांना ३० च्या आसपास असते. १० अंशांवर ती त्याच्याही तिप्पट-चौपट होते. दाट ऑइल व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांतून क्लचपर्यंत पोहोचून दाब तयार करायला वेळ घेते, म्हणून तुमचा ‘आर’ उशिरा लागतो. तिसरा गिअर न सोडणे हा बिघाड नव्हे. ऑइल आणि इंजिन थंड आहे हे ओळखून कॉम्प्युटर वरचे गिअर लांबवतो आणि कन्व्हर्टरचे लॉकअप (त्याची दोन्ही चक्रे थेट जोडणारा क्लच) लागू देत नाही. लॉकअप नाही म्हणजे कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळले जाते, त्यातून ऑइल तापते आणि डिझेल जास्त जाते. हे पहिल्या काही किलोमीटरपुरते असायला हवे. तुमच्याकडे ते जवळजवळ सगळ्या प्रवासभर चालले आहे आणि सरासरी तिथेच गेली.

पंधरा मिनिटे जागेवर इंजिन चालवून उपयोग होणार नाही. ‘पी’मध्ये (पार्क) कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे जवळपास एकाच वेगाने फिरतात, घुसळण होत नाही, म्हणून उष्णताही तयार होत नाही. त्यातून डिझेल इंजिन रिकामे चालताना स्वतःच उशिरा तापते. अर्धा-एक मिनिट थांबा, गिअर टाकल्यावर गाडीने तो पकडल्याचे जाणवू द्या आणि पहिले सात-आठ किलोमीटर पाय हलका ठेवून चालवा. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून रेस करणे हा उपाय कोणी सुचवला तर करू नका, ऑइल काही सेकंदांत तापेल, पण कन्व्हर्टर जळेल.

पातळ ऑइलचा विचार सोडा. कंपनीने सांगितलेला प्रकारच टाका.

उपाय असा: रेडिएटरमधला कूलर परत जोडा आणि नवा कूलर त्याच्या जोडीला एकाच साखळीत ठेवून त्यावर थर्मोस्टॅट बायपास बसवा. ऑइल सुमारे ८० अंशांवर येईपर्यंत तो व्हॉल्व्ह बाहेरच्या कूलरला वळसा घालतो. थोडे ऑइल तेव्हाही त्यातून जात राहते, तो दोष समजू नका. मेकॅनिकची भीती मात्र खोटी नाही. कूलंट मिसळून गुलाबी लस्सीसारखे झालेले ऑइल मी स्वतः काढले आहे आणि त्यानंतर क्लच प्लेटचे अस्तर सुटलेले पाहिले आहे. रेडिएटर सात वर्षांचा आहे, तेव्हा जोडण्यापूर्वी त्याची दाब-तपासणी करून घ्या. शंका वाटली तर नवीनच टाका.

पाथर्डी फाटा

वरील उत्तराशी सहमत आहे. हे वाचून एएमटीवाल्यांनी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी असलेल्यांनी) ऑइलचे तापमान शोधत बसू नये, कारण त्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो आणि त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. सीव्हीटीचे (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचे) ऑइल वेगळे असते, त्यात एटीएफ टाकू नये.

नळ्या पुन्हा जोडताना थोडे ऑइल सांडणार, म्हणून लेव्हलबद्दल सांगतो. माझ्या गाडीत एका ठिकाणी सकाळी थंड असतानाच ऑइल भरून लेव्हल पाहिली. ऑइल तापले की फुगते. ९ लिटर ऑइल ८ अंशांवरून ८० वर गेले तर जवळपास अर्धा लिटर वाढते. माझ्याकडे ते फिरणाऱ्या भागांना लागून फेसाळले, गिअर घसरू लागले आणि ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या नळीतून) खाली टपकले. ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही त्यात इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आल्यावर, प्लगमधून धार थांबून थेंब पडू लागले की लेव्हल बरोबर धरतात. बऱ्याच गाड्यांत ते तापमान ४० च्या आसपास असते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. तुमच्याकडे यंत्र आहेच, ते मेकॅनिकच्या हातात द्या.

सिन्नरकर

पुठ्ठ्याबद्दल अनुभवाने लिहितो. मी दोन हिवाळे अर्ध्या कूलरपुढे पुठ्ठा लावला आणि ऑइल बारा-पंधरा अंशांनी जास्त तापू लागले. परंतु कूलर कंडेन्सरपुढे असल्याने पुठ्ठा त्यालाही झाकतो आणि मार्चमध्ये तो काढायचा राहिला. एसी थंड का होत नाही याचा शोध दोन दिवस घेतला. शेवटी पुठ्ठा माझ्या मुलीला दिसला.

बागवाला, निफाड

सर्वांचे आभार. शनिवारी काम करून घेतले. रेडिएटर दाबाला टिकला नाही, टाकीच्या जोडावर बारीक बुडबुडे दिसले, म्हणून नवा टाकला. खर्च मनात धरला होता त्याच्या दुप्पट झाला. थर्मोस्टॅट बायपास बसवला आणि लेव्हल यंत्रावर आकडा पाहून केली. आज पहाटे बाहेर ६ अंश होते. चांदोरीला ऑइल ५८, नाशिक रोडला ८१. पाचवा गिअर चौथ्या किलोमीटरला लागला. ‘आर’ला अजून सेकंदभर लागतोच. आणि बायपासच्या एका जोडाखाली बोटाला ओल लागते, थेंब पडत नाही. क्लिप आणखी आवळू का?

गिअरमिस्त्री, अंबड

‘आर’चा तो एक सेकंद थंड ऑइलचा आहे, तो राहील. क्लिप ऑइल गरम असताना आवळू नका, पाइप मऊ असतो आणि कापला जातो. गाडी थंड झाल्यावर जोड पुसून कोरडा करा, त्याभोवती पांढरा कागद गुंडाळा आणि एक फेरी मारून या. कागद लाल झाला तर क्लिप बदला. पट्टीत भोके असलेली साधी क्लिप असेल तर ती काढून गुळगुळीत पट्टीची, ऑइलच्या नळीसाठीची लावा.