कॅमेऱ्यात आईचा आवाज येत नाही, नुसती घूंऽऽ येते

गावाकडचं घर
किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या घरात आई एकटी राहते, मी पुण्यात नोकरीला. डिसेंबरात ती रात्री न्हाणीजवळ पडली आणि मला सकाळी कळलं. म्हणून संक्रांतीच्या आत चार कॅमेरे बसवले, ओसरीत वेगळा माईक लावला. चित्र स्वच्छ आहे. आवाजात मात्र सारखी घूंऽऽ. ऊन वाढलं तशी तीही वाढली. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की नुसती चर्रर्र, आईचा एक शब्द कळत नाही. माईक बदलला, तरी तेच. माईकला वीज कॅमेऱ्यांच्याच १२ व्होल्टच्या एसएमपीएसमधून (त्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून) दिलीय, आणि त्याची वायर लाइटच्या वायरीसोबत एकाच केसिंग पट्टीतून नेलीय. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, असंही आई म्हणते. बसवणारा म्हणतो, माईकचं एवढं चालायचंच. मला नाही चालणार. मला तिची हाक ऐकू यायला पाहिजे.

उदगीरकर
दादा, माईक चांगलाच असणार. त्याचा मायनस डीव्हीआरला दोन वाटांनी पोचतोय: एक वीज देणाऱ्या वायरीतून, दुसरी आवाजाच्या वायरीच्या जाळीतून. या गोल फेऱ्यात मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. माईकवर ९ व्होल्ट चालतं असं लिहिलेलं असेल, तर एसएमपीएस काढून रेडिओची ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून बघा. घूं थांबली की कारण सापडलं; मग माईकला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या. माईकची वायर लाइटच्या वायरीपासून निदान फूटभर लांब घ्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

वायरमन, परभणी
आधी झिणझिण्यांचं बघा, आवाज नंतर. आईंना सांगा, त्या पत्र्याला हात लावू नका. एसएमपीएसमधून गळणारा बारीक करंट अर्थमध्ये, म्हणजे जमिनीत नेणाऱ्या वायरीत, जायला हवा. अर्थ नसली की तो डीव्हीआरच्या पत्र्यावर येतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखी होते. सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास व्होल्ट दिसले पाहिजेत. कुणी न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हटलं तर अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल तुटली की सगळ्या पत्र्यांत करंट उतरतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) आहे का? चर्रर्र त्याचीच असेल.

गावाकडचं घर
शनिवारी गावी जाऊन आलो. बॅटरी लावली आणि घूं जागेवर बंद! आई शेजारीच बसली होती, मी मोबाइल तिच्या कानाला लावला. वायरमनदादांचंही खरं निघालं. सॉकेटमधली अर्थची वायर कुठंच जोडलेली नव्हती. नळाजवळ, जिथं ओल राहते तिथं, कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला. झिणझिण्या गेल्या. माईकला वेगळा अडॅप्टर दिला, वायर पट्टीबाहेर काढून दुसऱ्या भिंतीनं फिरवली.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचाच आहे, त्यावर अजून थोडी चरचर येते. पण काल रात्री लाइट गेलेली असताना आई दुधावरून मांजर हाकलत होती, ते पुण्यात शब्द न् शब्द ऐकलं. चरचरीसाठी आवाजाच्या वायरीत आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेनं न जोडता फक्त आवाज पुढं देणारी डबी) घालून बघू का, की इन्व्हर्टरच बदलू?

उदगीरकर
आधी आयसोलेटर घाला, स्वस्तात होतं. डीव्हीआरच्या ऑडिओ इनच्या अगदी तोंडाशी लावा.